उंबऱ्यावरचा दांडा

डोली वाहणारे चौघे एका पावलाने चालत नाहीत. तसे चालले तर डोली झुलू लागते आणि आत बसलेल्याला मळमळते. पहिल्याचा उजवा पाय पडतो तेव्हा दुसऱ्याचा डावा पडावा लागतो. तिसऱ्याने त्या दोहोंमधला क्षण धरायचा आणि चौथ्याने उरलेला. हे शिकवून येत नाही. एकत्र चालून चालून येते. जमलेले चौघे डोंगर चढू लागले की त्यांच्या खांद्यांवरचा लांब दांडा धुक्यातून आपसूक तरंगत निघाल्यासारखा दिसे. मी तो खालून असंख्य वेळा पाहिला आहे. आजही डोळे मिटले तर आधी दांडा दिसतो, माणसे मागाहून.

दोघे पुढे, दोघे मागे, मध्ये लोंबती डोली. मागच्या दोघांना डोलीच्या पडद्यापलीकडचे काही दिसत नसे. म्हणून सर्वांत पुढचा, ज्याला आघाड्या म्हणत, तो वाटेत जे असेल ते बोलून दाखवी: दगड, पाणी, फांदी, वळण. दुसरा तो शब्द तिसऱ्याला देई, तिसरा चौथ्याला. अवघड जागी चौथ्याने ‘हाय’ म्हटल्याखेरीज आघाड्या पाऊल उचलत नसे. डोलीतल्या पाहुण्यांना ते गाणे वाटे. काही जण पडद्याआडून त्याची नक्कल करीत.

मी पोशीरचा. नेरळ स्टेशनामागच्या वडाखाली डोल्यांचा तळ होता. तेथून मुंबईचे पाहुणे माथेरानला चढत. माझे वडील त्या तळाचे मुकादम. ते थकल्यावर, माझ्या चोविसाव्या वर्षी, ते काम माझ्याकडे आले. मराठी सातवी उत्तीर्ण झालेला मुकादम त्या वडाखाली पूर्वी बसला नव्हता, आणि ही गोष्ट मी कोणाला विसरू देत नसे. कोणती डोली कोणाला द्यायची, कोणी आधी निघायचे, हे मी ठरवी. दांड्याला हात लावणे माझ्या कामात बसत नव्हते.

वाहणारे बहुतेक डोंगराच्या कुशीतल्या वाड्यांमधले ठाकर. जुळलेल्या चौघांना ते ‘खांदा’ म्हणत. चौघांच्या उंचीत बोटभराहून अधिक फरक चालत नसे. पावसाळा सरल्यापासून पुढचा पाऊस येईपर्यंत ते चौघे एका चुलीवर रांधत, एका झोपडीत निजत, एका तुंब्यातून पाणी पीत. दुसऱ्या खांद्याच्या तुंब्याला तोंड लावीत नसत. त्याने पाऊल बिघडते, असे त्यांचे म्हणणे.

चौघांतला एक आजारी पडला की चौघेही बसत. झोपडीच्या उंबऱ्यावर डोलीचा दांडा आडवा ठेवला जाई. तो कोणी ओलांडायचा नाही; आतून नाही, बाहेरूनही नाही. घरच्या बायका दांड्यावरून पेज आत देत. पडलेला माणूस उठून आपल्या पायांनी दांड्यापाशी आला म्हणजे दांडा उचलायचा. आणखी एक नियम होता. बसलेला खांदा ज्याने मोडला, त्याने मोडलेल्या जागी आपला खांदा द्यायचा. तो कधी कोणाला लागू झालेला मी पाहिला नव्हता. तिघे धडधाकट पुरुष एका आजाऱ्यापाशी आठ-आठ दिवस बसून राहतात, हे मला आळसाचे सोंग वाटे. वडिलांनी त्यात कधी लक्ष घातले नाही, हा मला त्यांचा दुबळेपणा वाटे.

मी लिहितो आहे ते मानमोडीच्या वर्षाचे. ताप येई, मान आणि पाठ मोडून येई, चौथ्या-पाचव्या दिवशी छाती भरे आणि माणूस जाई. त्या साली पाऊस भाद्रपदातच उठून गेला. पोशीरचे भात पोटरीत करपले. वाड्यांवरची नाचणी-वरीही तशीच गेली. सर्वांचे पोट हंगामावर होते. माथेरानची छोटी गाडी पावसाळ्यात बंद असे, ती अजून सुरू झाली नव्हती. आणि मुंबईत ताप फोफावल्यामुळे पाहुणे नेहमीच्या आधी, आश्विनातच, येऊ लागले.

त्या दिवसांतली सकाळ माझ्या आठवणीत एकच आहे. प्रत्यक्षात त्या पंधरा-वीस असतील. धुके खाचरांवर बसलेले. गाडी स्टेशनात येऊन थांबे, पण तिचा आवाज मला आज ऐकू येत नाही. पाहुणे उतरत, तोंडावर रुमाल, गळ्यात कापराच्या पुरचुंड्या. कोणी कोणाशी बोलत नसे. डोल्यांचे पांढरे पडदे सुटत, एकामागून एक चढणीला लागत आणि जांभळांच्या रांगेपलीकडे विरून जात. कापराचा वास मात्र वाटेवर दुपारपर्यंत रेंगाळे. वरून, कोठून ते न समजावे अशा बेताने, खोकला ऐकू येई, आणि त्याच्या मागोमाग ते शब्द: दगड, पाणी, वळण, हाय. मी वडाखाली उभा राहून ऐके. मला भीती वाटली नाही. तळाला असा हंगाम कधी लागला नव्हता, एवढेच मनात होते.

याच दिवसांत तालुक्याहून एक छापील पत्रक आले. तापाच्या दिवसांत लोकांनी एकत्र जमू नये, एकमेकांचे भांडे वापरू नये, आजाऱ्यापासून दूर राहावे, असे त्यात होते. मी सर्व डोलीवाल्यांना तळाच्या पडवीत गोळा केले आणि ते मोठ्याने वाचून दाखवले. पन्नास-साठ माणसे एकमेकांना चिकटून बसली होती. यात काही विपरीत आहे, हे माझ्या ध्यानात आले नाही.

एक जण मात्र आत आला नाही. तो तळावरच्या पहिल्या खांद्याचा आघाड्या. वय पन्नाशीचे, अंगाने सुका, दाढीचे चार केस. चिंचेखाली उभा राहून तो ऐकत होता. जवळ ये, असे मी त्याला बजावले. तो तेथूनच म्हणाला,

“कागुद म्हंतो लांब ऱ्हावा, तुमी म्हंता जवळ या. कुनाचं आयकू, मुकादम?”

पडवीत हशा झाला. मी त्याला उद्धट ठरवले आणि पुढचे दोन दिवस त्याच्या खांद्याला शेवटची पाळी दिली.

त्याच्या मागे दुसऱ्या जागी त्याचा जावई असे. डोलीमागे तिसऱ्या आणि चौथ्या जागी त्याच वाडीतले दोघे भाऊ. थोरला बोलका होता. धाकटा थोरल्याच्या पाठीकडे पाहत चाले आणि थोरला बोलला म्हणजे आपण बोललो असे समजे. तळावरचे सर्वांत सुरेख पाऊल या चौघांचे. डोलीत भरला पेला ठेवला तरी सांडत नाही, असे घोडेवालेही म्हणत, आणि घोडेवाले डोलीवाल्यांचे कौतुक सहसा करीत नसत.

तिसऱ्या दिवशी जावई पडला. आघाड्याने तळावर निरोपही पाठवला नाही. डोली वडाखाली राहिली, दांडा तेवढा गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तळावर एक शेठ आले. बरोबर त्यांची पत्नी, शालीत गुरफटलेली, अंगात ताप. तिला वरची हवा लागली तरच ती वाचेल, असे कोणी त्यांना सांगितले होते. तळावर डोल्या होत्या, माणसे नव्हती. एका खांद्यातले दोघे भीतीने घरी निघून गेले होते. उरलेले दोघे बिड्या ओढत बसले होते. शेठ ओरडले नाहीत. त्यांनी हात जोडले. माझ्यापुढे तोवर कोणी मोठ्या माणसाने हात जोडले नव्हते.

मी वाडीवर गेलो. चढण तासाभराची. धुके वर सरकत होते आणि मी त्याच्या कडेकडेने चाललो होतो. पुढचे झाड दिसे, त्याच्या पुढचे नाही. वाडीत माणसाचा आवाज नव्हता. कारवीच्या कुडाची ती झोपडी सर्वांत वरच्या अंगाला. उंबऱ्यावर दांडा आडवा. आत जावई घोंगडीखाली, बाकीचे तिघे कुडाला टेकून बसलेले. ते इतके स्थिर होते की क्षणभर मला ती कोणी कोरून ठेवलेली माणसे वाटली.

तिघांना ताप आहे का, असे मी विचारले.

“आज नाय,” आघाड्या म्हणाला.

मी दोन कारणे सांगितली. ती खोटी नव्हती. निरोगी माणसे आजाऱ्यापाशी कोंडली तर तीही पडतील. त्यांना बाहेर काढणे त्यांच्याच भल्याचे आहे. आणि वाडीत दाणा नाही. हंगाम असा बसून घालवला तर तापातून वाचलेले भुकेने जातील. पत्रकातले ‘आजाऱ्यापासून दूर राहावे’ हे वाक्य मी पुन्हा म्हणून दाखवले. बाहेरच्या चुलीपाशी आघाड्याची लेक, म्हणजे आजाऱ्याची बायको, पेज ढवळत होती. तिने मान वर केली नाही.

“त्या कागदात आमच्या उंबऱ्याचं काय लिवलंय, मुकादम?” ती म्हणाली. “ते बी वाचा की.”

आघाड्याने तिला गप्प केले. मग तो मला समजावल्यासारखा बोलू लागला. त्याच्या बोलण्याचा आशय इतकाच होता की चौघे कित्येक हंगाम एकत्र चालले आहेत. जे एकाच्या अंगात आले ते तिघांच्या अंगात आलेच असणार, आज दिसत नाही एवढेच. ते येथे बसून निघून जाईल किंवा जाणार नाही. पण ते दुसऱ्या खांद्याच्या तुंब्यात जाऊ नये. चौघे बसलो, चौघे उठू. नाहीतर वाडीचा खांदा गेला, आणि असा खांदा पुन्हा जुळायला दहा वर्षे लागतात. मी ऐकत होतो ते शेठच्या जोडलेल्या हातांचा विचार करीत.

मी वाकून दांडा उचलला आणि कुडाला उभा लावला. तो मी हाताळला ती पहिलीच वेळ. वाटला होता त्याहून जड होता. खांद्याखाली येणारी जागा तेलकट, गुळगुळीत. दोघा भावांना मी बाहेर यायला सांगितले. थोरल्याने आघाड्याकडे पाहिले. आघाड्याने त्याच्याकडे पाहिले नाही. वाडीतल्या रिकाम्या कणग्या थोरल्याला ठाऊक होत्या, आणि मी मुकादम होतो. तो उठला. धाकटा त्याच्या मागे. तुंबा आतच राहिला.

“उचलला तुमी,” आघाड्या म्हणाला. “ठेवायला बी तुमीच या.”

संध्याकाळी येतो, असे मी म्हणालो. संध्याकाळी मी गेलो नाही. पाहुण्यांची आणखी एक गाडी आली होती.

ते दोघे भाऊ शेठच्या पत्नीला घेऊन वर गेले. परक्या खांद्यातल्या दोघांबरोबर त्यांचे पाऊल जुळत नव्हते. डोली झुलत गेली, हे मी खालून पाहिले. वर डोलीवाल्यांच्या निवाऱ्यात पाच खांद्यांची माणसे एकत्र निजत. तेथे ते दोघे दुसऱ्यांच्या तुंब्यातून पाणी प्यायले. पिणार नाहीत तर काय करतील. चौथ्या दिवशी थोरला पडला. त्यानंतर त्या निवाऱ्यातला एकेक जण पडत गेला. आठ दिवसांत वडाखाली डोल्याच डोल्या उभ्या होत्या, आणि त्यांच्या पडद्यांत चिमण्या शिरत होत्या.

कोण कोणापासून पडला, हे सांगता येणे शक्य नाही. ताप सगळीकडेच होता. तो वाड्यांत नाहीतरी पोचला असता, असे पुढे दोघा-तिघा शहाण्या माणसांनी मला सांगितले. मी ते ऐकून घेतले.

थोरला वरच गेला. त्याला खाली आणायला चार माणसे उभी नव्हती. एका घोडेवाल्याने आपला घोडा दिला. मी तळावर एकटा होतो. सकाळ होती, धुक्यातून आधी घोड्याच्या नालांचा आवाज आला, मग घोड्याची मान, मग पाठीवर आडवी बांधलेली घोंगडी. लगाम धाकट्याच्या हातात. तो माझ्या अंगावरून गेला. त्याने माझ्याकडे पाहिले असते तर मी काही बोललो असतो, अशी माझी तेव्हा समजूत होती. घोडा वाडीच्या वाटेला वळला आणि धुक्याने ती वाट मिटली. पुढे कितीतरी वर्षे मला ते दृश्य दिसे. पण त्यात घोडा चालत असे आणि वाट सरत नसे.

त्याच दुपारी माझी मान दुखू लागली.

तळामागे माझी एक खोली होती. वडील पोशीरला, तेथेही घरोघरी ताप. मी दार लोटून पडलो. त्यानंतरचे पाहिले किती आणि तापात दिसले किती, याची विभागणी मला करता येत नाही. छपराच्या फटीतून ऊन आत येई आणि जमिनीवरून हळूहळू भिंतीवर चढे. मी डोलीत होतो. आयुष्यात मी डोलीत बसलो नव्हतो. दांडा माझ्या डोक्यावर होता, पण त्याच्या खाली कोणी नव्हते. तो नुसताच जात होता, आणि वाट पाण्यासारखी मागे सरत होती. वाट डोंगराची होती तरी तिच्या कडेला पोशीरची शाळा लागली, आमचे खाचर लागले, आणि त्यातले करपलेले भात पुन्हा हिरवे होऊन ओंब्या धरत होते. मग पुढून कोणीतरी म्हणाले, वळण. तो शब्द माझ्यापाशी आला. तो मागे द्यायचा आहे, हे मला कळत होते. मी तोंड उघडले. आवाज फुटला नाही. डोली जागच्या जागी थांबली, आणि खाली दरीत धुके भरत राहिले.

जागा झालो तेव्हा दार उघडे होते. उंबऱ्यावर दांडा आडवा होता.

दारासमोर वडाच्या मुळीवर आघाड्या बसला होता. त्याच्या शेजारी जावई, गाल खोल गेलेले, पण उठून बसलेला. लेक एका लांब दांडीच्या डवल्याने दांड्यावरून पेज आत देत होती. मी हात लांब करून वाटी पुढे केली. किती दिवस झाले, असे मी विचारले. पाचवा, असे तिने सांगितले. दांडा कोणी ठेवला, असे मी विचारले.

“तुमी यायचं व्हतं ठेवायला,” ती म्हणाली. “आलाच न्हाई. मग आमीच आनला.”

जावई हसला आणि खोकला. आघाड्या हसला नाही. धाकटा कोठे आहे, हे विचारायचे मला धैर्य झाले नाही. तो दूर, चिंचेखाली उभा होता. ते मला दुसऱ्या दिवशी दिसले.

आणखी चार दिवस पेज आली. सकाळ-संध्याकाळ दोघांपैकी एक जण मुळीवर असे. त्यांनी मला धीर दिला नाही, दोषही दिला नाही. पाणी पाहिजे का, लघवी होते का, एवढे विचारीत. मला त्यांनी का वाचवावे, हा विचार मी पडल्या पडल्या पुष्कळ केला. उत्तर काही मोठे सापडले की मला बरे वाटे, आणि ताप उतरला की ते उत्तर खोटे वाटे.

नवव्या दिवशी मी भिंत धरून दांड्यापाशी आलो. बोलायचे म्हणून मी काही वाक्ये जुळवून ठेवली होती. मी सातवी उत्तीर्ण होतो. वाक्ये चांगली होती. पहिले वाक्य अर्धे झाले असेल. आघाड्या उठला, त्याने दांडा उचलला आणि मला दाराच्या चौकटीला पाठ लावून ताठ उभे राहायला सांगितले. मग हातातली एक काठी उभी धरून माझ्या खांद्याला लावून त्याने तिच्यावर नखाने खूण केली आणि ती जावयाच्या खांद्याशी ताडून पाहिली.

“बोटभर कमी भरतोय,” तो जावयाला म्हणाला. “घोंगडीची घडी घालू.”

मग माझ्याकडे वळून, दुसऱ्याच कोणाबद्दल बोलावे तसे, “तिसरी जागा मोकळी हाय, मुकादम. वाडीचा हंगाम तिघांवर व्हत नाय.”

मी हो म्हणालो. मोडलेल्या जागेचा नियम त्याने उच्चारला नाही. मला तो पाठ होता.

अंगात बळ यायला कार्तिक गेला. ताप तोवर ओसरला होता. आमच्या तळावरच्या बारा खांद्यांतले पुरते असे चार उरले. वडील पुन्हा वडाखाली येऊन बसले. मी घोंगडीची घडी खांद्यावर घेऊन आघाड्याच्या माणसांत उभा राहिलेला त्यांनी पाहिला. आमची पाळी आली तेव्हा सर्वांना मारीत तशीच हाक मारली.

पहिले काही दिवस आम्ही रिकामी डोली घेऊन चाललो. डोलीमागे मी तिसरा; माझ्यामागे चौथा, धाकटा. त्याचा श्वास माझ्या मानेवर येई. पूर्वी या जागेवरची पाठ त्याच्या भावाची होती. तो माझ्याशी बोलत नव्हता. आघाड्या पुढून शब्द देई, जावई मला देई, मी मागे देई. मागून ‘हाय’ येत नसे. डोली रिकामी, म्हणून आघाड्या तसाच पुढे जाई. भरली डोली तशी नेता येणार नाही, हे चौघांनाही माहीत होते. चौथा बोलला नाही तर खांदा नाही, आणि खांदा नाही तर त्या वाडीला पुढच्या पावसापर्यंत काही नाही.

मार्गशीर्षात पहिले काम आले. छोटी गाडी सुरू झाली होती. पण वर आजारातून उठलेल्या एक बाई होत्या, गाडीच्या धक्क्यांनी त्यांची छाती दुखे. त्यांना डोलीतून उतरवायचे होते. आम्ही वर गेलो. बंगल्याच्या ओट्यावर शाल पांघरून त्या बसलेल्या होत्या. तेच शेठ बाजूला उभे. त्यांनी मला ओळखले नाही; खांद्यावर घोंगडी असलेल्या माणसाला कोणी ओळखत नाही, हे मला त्या दिवशी समजले. धाकट्याने बाईंना ओळखले. त्याचा श्वास बदलला, तो मला मानेवर कळला.

उतरण धुक्यात होती. खाली काही नव्हते. नेरळ नव्हते, खाचरे नव्हती, नुसता पांढरा विस्तार, आणि त्यात पेब किल्ल्याचे टोक एखाद्या बेटासारखे. दांड्याचा भार माझ्या हाडात उतरला होता आणि तरीही आपण चालत नसून कोणीतरी आपल्याला चालवीत आहे, असे मला वाटत होते. आत बाईंनी पडदा सारला. त्या स्वभावाने चांगल्या असाव्यात. त्यांनी पुढच्या दोघांना विचारले, “मला वर आणलंत ते तुम्हीच का?”

आघाड्या चालता चालता म्हणाला, “त्येतला येक मागं हाय, बाई.”

“आणि बाकीचे?”

आघाड्या थांबला होता. पुढे कडा होता. वाट कड्याला घासून डावीकडे मोडते, आणि वरून आलेल्या पाण्याने तिची कड खाल्लेली होती.

“वळन,” तो म्हणाला.

“वळन,” जावई म्हणाला.

“वळण,” मी म्हणालो.

मागून काही आले नाही.

आघाड्याने पाऊल उचलले नाही. आम्ही दांड्याखाली उभे राहिलो. बाईंनी विचारले, काय झाले. धुके कड्यावरून वर येत होते. ते माझ्या पायांवर आले, मग गुडघ्यांवर. मला तापातली डोली आठवली, आणि ही तीच असावी, मी अजून खोलीतच पडलो असावा, असा भास झाला. किती वेळ गेला, हे सांगता येत नाही. खांद्याचा भार वाढत नव्हता, कमीही होत नव्हता. मी मान वळवली नाही. वळवता येत नव्हती, दांडा होता.

आघाड्या पुन्हा, त्याच आवाजात, घाई न करता म्हणाला, “वळन.”

जावयाने दिले. मी दिले. या खेपेला माझ्या तोंडून त्यांच्यासारखेच ‘वळन’ निघाले. ते मी ठरवून केले नव्हते.

माझ्या मानेवरचा श्वास थांबला. मग सुटला.

“हाय,” धाकटा म्हणाला.

आघाड्याचे पाऊल पडले. जावयाचे पडले. मी मधला क्षण धरला, आणि उरलेला त्याने.

त्या दांड्याखाली मी दोन हंगाम होतो. धाकटा त्या शब्दाखेरीज माझ्याशी फारसे काही बोलला नाही, आणि तो शब्द त्याने पुन्हा कधी चुकवला नाही. दुसऱ्या हंगामाच्या शेवटी वाडीतला एक तरुण उंचीला आला. आघाड्याने काठीवरची खूण त्याच्याशी ताडली आणि मला माझी घोंगडी परत दिली. पुढे मी कडावला शाळामास्तर झालो. उजव्या खांद्यावरचा घट्टा अजून आहे. न्हावी दर वेळी विचारतो, आणि मी दर वेळी सांगतो की तिसऱ्या जागेचा आहे.